अलीनंतर आलेला लॅरी होम्स: सात वर्षे जगज्जेता राहूनही उपेक्षित का?

निळा कोपरा

या चर्चामंचावरच्या मुष्टियुद्धाच्या जाणकारांना एक प्रश्न विचारायचा आहे. हेवीवेट म्हणजे सर्वांत जड वजनाच्या गटातले सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धे कोण, असे विचारले की कोणीही मुहम्मद अली, जो लुई, रॉकी मार्सियानो, जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन आणि माइक टायसन ही नावे भराभर सांगतो. लॅरी होम्सचे नाव त्यात बहुधा येत नाही, आणि आलेच तर थकलेल्या अलीला हरवणारा किंवा टायसनने चौथ्या फेरीत लोळवलेला एवढ्यापुरतेच येते.

त्याची कामगिरी पाहिली की हा विसर पटत नाही. जून १९७८ मध्ये लास व्हेगास येथे केन नॉर्टनला हरवून तो वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा जगज्जेता झाला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्सकडून हरेपर्यंत त्याने विजेतेपदाचा २० वेळा यशस्वी बचाव केला. तोवरच्या इतिहासात हेवीवेट गटात यापेक्षा अधिक बचाव एकट्या जो लुईच्या नावावर होते, ते २५. कारकिर्दीतल्या पहिल्या ४८ लढतींत होम्स एकदाही हरला नाही. एकूण ७५ लढतींपैकी ६९ त्याने जिंकल्या, आणि जे सहा पराभव पत्करले त्यांपैकी वेळेआधी संपलेली लढत एकच, १९८८ ची टायसनविरुद्धची. त्या वेळी तो ३८ वर्षांचा होता आणि जवळजवळ पावणेदोन वर्षे रिंगपासून दूर होता.

अलीची छाया हे उत्तर सर्वांत आधी सुचते आणि ते मला बऱ्याच अंशी पटतेही. होम्स सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या डियर लेक येथील अलीच्या शिबिरात सरावाचा जोडीदार म्हणून दाखल झाला. सातवीतच शाळा सोडून ईस्टन गावात गाड्या धुण्याचे काम केलेल्या या मुलाला अलीसमोर उभे राहायला मिळणे हेच मोठे वाटत होते. अलीच्या ठोशाने डोळा काळानिळा झाला तेव्हा त्यावर बर्फ लावायला आपण नकार दिला, कारण तो डोळा गावात जाऊन सगळ्यांना दाखवायचा होता, असे त्याने पुढे सांगितले आहे. त्याच होम्सला २ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ वर्षांच्या अलीसमोर उभे राहावे लागले. थायरॉइडच्या औषधाने अलीचे वजन उतरले होते आणि अंगातले त्राणही गेले होते. त्याला एकही फेरी जिंकता आली नाही आणि दहाव्या फेरीनंतर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. लढत लवकर थांबावी म्हणून होम्स स्वतः रेफरीकडे पाहत होता, आणि जिंकल्यावर तो रडला.

एवढ्या एका रात्रीने सात वर्षांची कारकीर्द झाकोळली जाते का? की होम्सच्या खेळात, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांत किंवा स्वभावात असे काही होते, ज्यामुळे लोकांनी त्याला मनापासून स्वीकारले नाही?

जॅबचा अभ्यासक

मी तरुणपणी पुण्यात हौशी गटात खेळलो आणि आता आठवड्यातून काही संध्याकाळी मुलांना शिकवतो, त्यामुळे रिंगमधल्या खेळाबद्दल तेवढे लिहितो. होम्सच्या उपेक्षेचे पहिले कारण त्याचे सर्वांत मोठे शस्त्रच आहे. ते शस्त्र म्हणजे डाव्या हाताचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताने सरळ मारलेला झटपट ठोसा. हेवीवेट गटात त्याच्याइतका चांगला जॅब फार थोड्यांचा होता. माझ्या मते कोणाचाच नव्हता. परंतु जॅब हा ठोसा हाणामारी पाहायला आलेल्या प्रेक्षकाला दिसतच नाही.

हे जरा तपशिलाने सांगतो. होम्स डावा हात पुष्कळदा छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर ठेवत असे, त्यामुळे त्याचा ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या नजरेच्या खालून येई. पुढचा पाय आणि मूठ एकाच वेळी पुढे जात, म्हणून त्यात हाताच्या झटक्याबरोबर शरीराचे वजनही असे. मूठ लागताक्षणी हात गेला त्याच रेषेत परत येई आणि पुष्कळदा तो पुरता परतायच्या आधीच दुसरा जॅब निघालेला असे. समोरचा पहिल्यापासून सावरून पाऊल टाकू लागतो तोच दुसरा त्याच्या कपाळावर किंवा भुवईवर बसतो, आणि त्याने काय करायचे ठरवले होते ते मोडून पडते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हातावर पट्टी बांधल्याबरोबर उजवा ठोसा मारायची घाई असते. त्यांना मी होम्सच्या लढतींतल्या तीन फेऱ्या दाखवतो आणि फक्त त्याच्या डाव्या खांद्याकडे पाहायला सांगतो. बहुतेकांना पहिल्यांदा काहीच विशेष दिसत नाही. ज्यांना दिसते, त्यांचा खेळ लवकर सुधारतो.

जगभरच्या प्रेक्षकांचेही त्या मुलांसारखेच झाले असावे. टायसनने दीड मिनिटात कोणाला पाडले तर ते लहान मुलालाही कळते, आणि फोरमनच्या ठोशाने फ्रेझर उचलला गेला ते दृश्य एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. होम्सने मात्र बारा-पंधरा फेऱ्या समोरच्याला स्वतःची लढत लढूच दिली नाही, असे म्हटले तर ते जाणवण्यासाठी सगळ्या फेऱ्या बसून पाहाव्या लागतात.

तरीही त्याच्यात थरार नव्हता असे ज्यांना वाटते, त्यांनी नॉर्टनविरुद्धची पंधरावी फेरी पाहावी. त्या लढतीच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता, म्हणजे ज्या हातावर सगळी भिस्त तोच हात जायबंदी होता. आरंभीच्या फेऱ्या त्याने घेतल्या आणि नंतर नॉर्टनने दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून, वाकून, पुढे पुढे सरकत ती आघाडी भरून काढली. शेवटच्या फेरीत दोघांच्याही पायांत बळ उरले नव्हते, तरी दोघेही मागे हटले नाहीत आणि अखेरच्या क्षणांत होम्सच्या अपरकटनी, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशांनी, नॉर्टन डळमळला. दोन पंचांनी १४३-१४२ असे गुण होम्सला दिले आणि तिसऱ्याने तेवढेच गुण नॉर्टनला दिले. ती एक फेरी नॉर्टनकडे गेली असती तर विजेतेपद त्याच्याकडेच राहिले असते.

घंटा वाजली

वरचे विश्लेषण उत्तम आहे, पण उपेक्षेचा सगळा दोष प्रेक्षकांवर टाकणे मला मान्य नाही. होम्सने काही निर्णय असे घेतले की ज्यांची किंमत त्याला मोजावीच लागली.

त्याच्या काळात हेवीवेटचे विजेतेपद दोन संघटनांत विभागलेले होते, वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल आणि वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन. सात वर्षांत होम्स असोसिएशनच्या विद्यमान विजेत्याशी एकदाही लढला नाही. असोसिएशनचा विजेता गेरी कोएत्झीशी लढत ठरली होती, ती पैशांच्या व्यवहारात मोडली. १९८३ मध्ये नियमाप्रमाणे ग्रेग पेजचे आव्हान स्वीकारण्याची वेळ आली असताना त्याने त्या मोबदल्यात लढायचे नाकारले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो मार्व्हिस फ्रेझरशी लढला. जो फ्रेझरचा हा मुलगा अवघ्या दहा व्यावसायिक लढतींचा अनुभव घेऊन आला होता आणि पहिल्याच फेरीत संपला. डिसेंबरमध्ये होम्सने कौन्सिलचे विजेतेपद सोडून नव्याने निघालेल्या इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशनचा विजेता म्हणून राहणे पसंत केले. त्या काळच्या आघाडीच्या पिंकलन थॉमसशीही तो लढला नाही. जो लुईच्या काळात जगज्जेता एकच होता. होम्सच्या काळात दोन, पुढे तीन झाले. त्यामुळे २० बचाव हा आकडा २५ च्या शेजारी ठेवताना ही गोष्ट विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या तोंडाची. २१ सप्टेंबर १९८५ रोजी तो स्पिंक्सशी लढायला उतरला तेव्हा ४८-० वर, म्हणजे ४८ विजय आणि शून्य पराभव यांवर होता आणि मार्सियानोच्या ४९-० ची बरोबरी करायला एकच विजय हवा होता. मार्सियानोची शेवटची लढत झाल्याला त्याच दिवशी बरोबर ३० वर्षे होत होती. होम्स अगदी थोड्या गुणांनी हरला आणि नंतरच्या पत्रकार परिषदेत मार्सियानोची आपल्यापुढे काय लायकी होती, याविषयी अतिशय हीन शब्दांत बोलला. पुढे त्याने माफी मागितली, पण अनेक अमेरिकनांच्या मनात तेच वाक्य राहिले. ज्या रात्री लोकांची सहानुभूती त्याच्याकडे वळू शकली असती, ती रात्र त्याने स्वतः वाया घालवली.

पंधरावी फेरी

घंटा वाजली यांनी मांडलेली तथ्ये बरोबर आहेत. पेजशी न लढण्याचे समर्थन मीही करणार नाही. परंतु होम्सच्या काळात कोणी तगडे नव्हते, असा जो समज त्या तथ्यांच्या आधारे पसरला आहे, तो चुकीचा आहे.

त्याने हरवलेल्यांची यादी काळाच्या क्रमाने वाचली तर माइक वीव्हर, ट्रेव्हर बर्बिक, मायकेलचा भाऊ लिऑन स्पिंक्स, टिम विदरस्पून आणि जेम्स स्मिथ ही नावे दिसतात. लिऑन स्पिंक्स आधीच जगज्जेता होऊन गेला होता आणि बाकीचे चारही जण होम्सकडून हरल्यानंतर कोणत्या ना कोणत्या संघटनेचे जगज्जेते झाले. वीव्हरला त्याने १९७९ मध्ये न्यूयॉर्कला थांबवले आणि पुढच्याच वर्षी वीव्हर असोसिएशनचा विजेता झाला, म्हणजे दुसऱ्या गादीवर होम्सने आधीच हरवलेला माणूस बसला होता. बर्बिकला नोव्हेंबर १९८६ मध्ये पाडून टायसन सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला आणि मार्च १९८७ मध्ये स्मिथला हरवून त्याने दुसरे विजेतेपद मिळवले. या दोघांना हरवणे टायसनच्या थोरवीचा भाग ठरते, मग होम्सने त्यांना हरवले तेव्हा ते दुबळे कसे होते?

शिवाय अर्नी शेव्हर्सविरुद्धची १९७९ ची दुसरी लढत आहेच. सातव्या फेरीत शेव्हर्सचा उजवा ठोसा असा बसला की होम्स पाठीवर सरळ आडवा झाला. शेव्हर्सइतका जबर ठोसा त्या पिढीत क्वचितच कोणाचा होता. होम्स उठला, ती फेरी कशीबशी काढली आणि अकराव्या फेरीत लढत जिंकली.

लोकांच्या मनात घर करायला बरोबरीचा वैरी लागतो, आणि होम्सला तो मिळाला नाही. अलीजवळ फ्रेझर होता आणि फोरमनही होता. होम्स शिखरावर पोहोचेपर्यंत फ्रेझर निवृत्त झाला होता, फोरमन धर्मप्रचाराकडे वळला होता, नॉर्टन उतरणीला लागला होता आणि अली संपत आला होता. जी एक मोठी लढत त्याच्या वाट्याला आली, ती जून १९८२ ची गेरी कुनीविरुद्धची. तिचे स्वरूपही त्याच्यासाठी कडू होते. कुनी गोरा होता आणि बऱ्याच वर्षांनी गोरा माणूस हेवीवेटचे विजेतेपद मिळवणार, या आशेवर सगळी जाहिरात चालली होती. ‘रॉकी’ चित्रपटांतला नट सिल्व्हेस्टर स्टॅलन याच्या जोडीने कुनी टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. रिंगमध्ये विजेत्याचे नाव शेवटी पुकारण्याची रीत असताना त्या रात्री होम्सचे नाव आधी पुकारले गेले. तेराव्या फेरीत त्याने कुनीला थांबवले. त्या क्षणी पंचांचे कागद पाहिले तर कमरेखाली मारल्याबद्दल कुनीचे कापलेले तीन गुण धरले नाहीत तर दोन पंचांच्या मते कुनीच पुढे होता. ज्यांनी ती लढत पाहिली आहे त्यांना हे आकडे समजणे कठीण जाईल. स्वतःच्याच देशात, स्वतःच्या विजेतेपदाच्या लढतीत ज्याला पाहुण्यासारखे वागवले गेले, त्याच्या बोलण्यात पुढे कडवटपणा आला यात मला नवल वाटत नाही. मार्सियानोविषयीचे ते वाक्य वाईट होते, पण ते कुठून आले हेही पाहिले पाहिजे.

निळा कोपरा

सर्वांचे आभार. टायसनच्या आधी बर्बिक आणि स्मिथ यांना होम्सने हरवले होते, हा धागा मी कधी जोडून पाहिला नव्हता. यावरून एक उपप्रश्न सुचतो. लोकांच्या लाडक्या विजेत्याला त्याच्या उतारवयात हरवणारा माणूस नेहमीच असा बाजूला पडतो का? अशी आणखी उदाहरणे आहेत का?

फेरीगणिक

आहेत, आणि माझ्या मते होम्सपेक्षाही मोठा अन्याय एझर्ड चार्ल्सवर झाला आहे.

चार्ल्स सिनसिनाटीत वाढला. त्याचा खरा गट लाइट हेवीवेट, म्हणजे त्या काळी हेवीवेटच्या लगेच खालचा, होता आणि त्या गटात तो सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ होता असे मानणारे जाणकार आजही पुष्कळ आहेत. १९४२ मध्ये त्याने चार्ली बर्लीला दोनदा हरवले. बर्ली इतका अवघड मुष्टियोद्धा होता की कोणत्याच जगज्जेत्याने त्याला विजेतेपदाची संधी दिली नाही. १९४६, १९४७ आणि १९४८ मध्ये चार्ल्सने आर्ची मूरला तीन लढतींत तिन्ही वेळा हरवले, त्यातही शेवटच्या वेळी नॉकआउट करून. हाच मूर पुढे लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि जवळपास दशकभर राहिला. त्याला तीनदा हरवणाऱ्या चार्ल्सला मात्र त्या गटाच्या विजेतेपदासाठी एकदाही लढायला मिळाले नाही. ज्याला सगळे टाळतात त्याचे कर्तृत्व नोंदवहीत राहते, लोकांपुढे येत नाही.

फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागो येथे त्याच्याविरुद्धच्या लढतीनंतर सॅम बरूडी हा तरुण मुष्टियोद्धा मरण पावला. चार्ल्सने खेळ सोडण्याचा विचार केला होता. तो परतला, पण समोरचा डळमळू लागला की पूर्वीप्रमाणे तुटून पडायला तो कचरतो, असे त्यानंतर त्याच्या लढती पाहणाऱ्यांना वाटू लागले. प्रेक्षकांनी याला भित्रेपणा आणि नीरसपणा म्हटले. मला हे वाचताना नेहमी वाईट वाटते, कारण त्याच्या संयमामागे एका माणसाचा मृत्यू होता.

जो लुईने १९४९ मध्ये निवृत्ती जाहीर केल्यावर चार्ल्सने जर्सी जो वॉलकॉटला हरवून रिकामे झालेले विजेतेपद मिळवले, तरी लोकांच्या लेखी जगज्जेता लुईच होता. करांच्या थकबाकीने गांजलेला लुई परत आला आणि २७ सप्टेंबर १९५० रोजी यांकी स्टेडियममध्ये दोघे समोरासमोर उभे राहिले. लुईचे वजन २१८ पौंड आणि चार्ल्सचे १८४ च्या आसपास, म्हणजे तीसहून अधिक पौंडांचा फरक होता. चार्ल्स पंधरा फेऱ्यांनंतर निर्विवाद जिंकला. लुई त्याचे लहानपणापासूनचे दैवत होते. होम्स आणि अली यांच्या संदर्भात वर जे लिहिले आहे ते सगळे इथे तीस वर्षे आधी घडून गेले होते, त्यात होम्ससारखे कडवट बोलणेही नव्हते, तरी फळ तेच मिळाले. म्हणून होम्सचे तोंड हे उपेक्षेचे मुख्य कारण आहे, असे मला वाटत नाही.

१९५४ मध्ये तो मार्सियानोशी दोनदा लढला. पहिल्या वेळी तो पंधरा फेऱ्या टिकला, आणि मार्सियानोसमोर पंधरा फेऱ्या पूर्ण करणारा तो एकमेव ठरला. दुसऱ्या वेळी त्याने मार्सियानोचे नाक असे फाडले की लढत थांबते की काय अशी वेळ आली होती, पण आठव्या फेरीत तो स्वतः पडला. नंतर तो गरजेपोटी खेळत राहिला आणि हरत राहिला, त्यामुळे त्याच्या नावावर २५ पराभव दिसतात. केवळ जय-पराजयाचे आकडे पाहणारा आजचा चाहता तो आकडा पाहूनच पुढे जातो. पुढे चेतापेशींच्या असाध्य आजाराने त्याचे चालणे बंद झाले आणि १९७५ मध्ये शिकागो येथे त्याचे निधन झाले.

जीन टनीचे उदाहरणही याच जातीचे आहे. त्याने १९२६ आणि १९२७ मध्ये जॅक डेम्प्सीला दोनदा हरवले, तरी लोकांचे प्रेम हरलेल्या डेम्प्सीवरच राहिले.

हलका गट

चर्चा हेवीवेटपुरती राहिली आहे, म्हणून एक वेगळे उदाहरण जोडतो. मेक्सिकोचा रिकार्दो लोपेझ १०५ पौंडांच्या गटात १९९० पासून जगज्जेता होता, नंतर तो १०८ पौंडांच्या गटातही जिंकला आणि २००१ मध्ये शेवटची लढत खेळला. संपूर्ण कारकिर्दीत एकही पराभव नाही, एकच लढत बरोबरीत सुटली. त्याच्या पायांची ठेवण आणि ठोशांची साखळी शिकवण्याच्या पुस्तकात घालावी इतकी स्वच्छ होती. त्याने कोणाच्या दैवताला हरवले नव्हते आणि तो कोणाशी कडवटही बोलला नव्हता. त्याचे वजन कमी होते, मोठ्या रकमेची लढत त्या गटात होत नसे, आणि त्याच्या देशाचे सगळे लक्ष हुलिओ सेसार चावेस या लोकप्रिय मुष्टियोद्ध्याकडे लागले होते. त्याची शेवटची लढतसुद्धा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॉपकिन्स आणि त्रिनिदाद यांच्या लढतीच्या आधी, दुय्यम कार्यक्रमात झाली.

जॅबचा अभ्यासक

फेरीगणिक यांचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. निळा कोपरा, होम्सची एकच लढत नव्याने पाहायची असेल तर फेब्रुवारी १९९२ ची रे मर्सरविरुद्धची पाहा. मर्सर १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता होता आणि तोवर व्यावसायिक लढतींत अपराजित होता, तर होम्स ४२ वर्षांचा होता. पायांत पूर्वीची चपळाई नव्हती, म्हणून तो दोऱ्यांना आणि कोपऱ्याला पाठ लावून उभा राहिला, मर्सरला जवळ येऊ दिले, खांदा आणि कोपर यांवर त्याचे ठोसे झेलले आणि मधल्या फटीतून जॅब आणि उजवा ठोसा घालत राहिला. एकदा तर लढत चालू असताना तो कॅमेऱ्याकडे वळून बोलतो. बारा फेऱ्यांनंतर पंचांनी त्याला निर्विवाद विजयी ठरवले आणि त्या विजयामुळेच त्याच वर्षी जूनमध्ये त्याला इव्हँडर होलीफील्डविरुद्ध विजेतेपदासाठी लढता आले. पंधरावी फेरी यांनी सांगितलेली शेव्हर्सविरुद्धची लढत त्यानंतर पाहा आणि सातव्या फेरीत तो उठल्यावर सर्वांत आधी कोणता ठोसा मारतो, याकडे लक्ष द्या.